परतीचं पेट्रोल

माझ्या बुलेट क्लासिकच्या टाकीत १३.५ लिटर पेट्रोल मावतं. सपाटीला लिटरमागे पस्तीसच्या आसपास धावणारी ही गाडी, मागे सामान लादून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घाट चढू लागली की अठ्ठावीसवर येते. गुणाकार केला तर ३७८ किलोमीटर. आणि हिमाचल प्रदेशातल्या तांडी गावच्या पंपावर पाटी आहे ती पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची. मनालीहून लेहकडे निघालेले दुचाकीस्वार तिथे थांबतात, पाटीजवळ उभं राहून फोटो काढतात, आणि फोटो काढता काढता मनात हाच हिशेब करतात. हाती उरतात तेरा किलोमीटर.

तेरा किलोमीटरच्या जोरावर कोणी बारालाचा, नकी ला, लाचुंग ला आणि तांगलांग ला असे चार घाट पार करायला निघत नाही. यातला शेवटचा ५,३२८ मीटर उंच. कळसूबाईवर कळसूबाई, आणि त्यावर आणखी एक कळसूबाई रचली तरी जवळजवळ चारशे मीटर कमीच पडतील. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच जास्त असतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या तिथे गुदमरायच्या. हवा विरळ झालेली आणि पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच आत येणार, त्यामुळे काळा धूर निघायचा आणि मायलेजची वाट लागायची. इंजेक्शनच्या गाड्या हे मिश्रण आपलं आपण सांभाळतात, तरी दम त्यांनाही लागतोच. लेहच्या अलीकडे पस्तीसेक किलोमीटरवर कारूला पंप आहे, म्हणजे पाटीवरच्या आकड्यात थोडी सवलत मिळते. पण तांडीला उभं असताना ती सवलत मोजू नये. एखादा नाला चढला, दरड कोसळली आणि गाड्यांच्या रांगेत इंजिन चालू-बंद करत तीन तास गेले, की ती तिथेच खर्च होते.

हा सगळा हिशेब जड गाडीचा आहे, हे सांगायला हवं. स्प्लेंडरची टाकी दहा लिटरच्या आसपास, पण लिटरला पन्नास-साठ सहज देणारी ही गाडी तांडीची पाटी वाचूनही निर्धास्त पुढे जाते. शंभर सीसीवर बसून लेह गाठलेली माणसं मला भेटली आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. मला जड गाडी आवडते. तिची तहान मग आपल्यालाच वाहून न्यावी लागते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पूर्वी असा राखीव साठा टाकीच्या पोटातच असायचा. टाकीखाली हाताशी एक कॉक असे. त्याच्या दोन नळ्या टाकीत वर गेलेल्या असत, एक उंच आणि एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या तोंडाखाली गेलं की गाडी आचके देऊ लागे. मग चालत्या गाडीवरूनच, खाली न बघता, हात टाकीखाली घालून कॉक फिरवायचा, की बुटकी नळी पेट्रोल देऊ लागायची. ‘रिझर्व्ह लागली’ हे दोन शब्द आमच्या लहानपणी घरात कितीदा ऐकले असतील! वडिलांच्या राजदूतची रिझर्व्ह लागली की वडील बोलणं थांबवत, वेग उतरवत, आणि मागे बसलेल्या आम्हाला कळे की आता वाटेत उसाचा रस मिळणार नाही. रिझर्व्हही संपली तर गाडी एका कुशीवर पार आडवी करायची, टाकीच्या दुसऱ्या कप्प्यात अडकलेलं घोटभर पेट्रोल कॉकच्या बाजूला यायचं, आणि तेवढ्यावर गाव गाठलं जायचं. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आलं, गाड्यांना इंजेक्शन आलं आणि कॉक गेला. आता मीटरवर दिवा लागतो. इंजेक्शनचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि ते पेट्रोलच त्याला गार ठेवतं, त्यामुळे टाकी खडखडीत कोरडी होऊ देणं त्याला मानवत नाही. म्हणजे तळाचं पेट्रोल आता हिशेबात धरायचं नाही. ते तेरा किलोमीटर असे निघण्याआधीच गेलेले असतात.

म्हणून गाडीच्या कुशीला एक डबा लागतो.

महाराष्ट्रातले बरेच जण गाडी रेल्वेने चंदीगडला, दिल्लीला किंवा जम्मूला पाठवतात आणि तिथून चालवत निघतात. पार्सल ऑफिसची पहिली अट ठरलेली: टाकी रिकामी हवी. स्टेशनबाहेर रबरी नळीने पेट्रोल काढायचं, सोडायला आलेल्या मित्राच्या स्कूटरमध्ये ओतायचं, मग गाडीला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळायचं. ज्या गाडीला पुढे डबे बांधून न्यायचं आहे ती आधी हजाराहून जास्त किलोमीटर एका थेंबाशिवाय जाते. रेल्वेची ही अट मला फार योग्य वाटते. पेट्रोल रोज हाताळून आपल्याला त्याची भीती उरलेली नाही. उणे चाळीस अंशाच्या आसपासही त्याची इतकी वाफ निघते की ठिणगी पुरते. ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत लांबवर जाते आणि तिथे कोणाचा तरी स्टोव्ह पेटलेला असतो. शिवाय रिकामा डबा भरलेल्यापेक्षा जास्त जपायचा असतो. भरलेल्या डब्यात हवेला फारशी जागा नसते. रिकाम्यात वाफ आणि हवा यांचं नेमकं पेट घेणारं मिश्रण तयार होऊ शकतं. डबा रिकामा झाला की त्याचं झाकण आणखी घट्ट लावावं, हे मला एका जुन्या मेकॅनिकने शिकवलं आणि त्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

आपल्याकडच्या पंपांवर ‘बाटलीत पेट्रोल मिळणार नाही’ अशी पाटी सर्रास दिसते. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगायची मुभा आहे. भांडं मात्र पक्क्या झाकणाचं हवं. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपेक्षा मोठं नको. त्या कलमात प्लॅस्टिकचं नाव नाही. मी पत्र्याचा डबा वापरतो तो काही केवळ कायद्यासाठी नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल भरून ती बॅगेच्या जाळीत खोचून निघालेली पोरं दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, आणि मी ओळखपाळख नसताना त्यांना थांबवतो. पातळ बाटली, उन्हात तापणारी, घासून झिजणारी, आणि तिच्या चार बोटं खाली लालबुंद सायलेन्सर. यात धाडस काहीच नाही.

असा पत्र्याचा डबा बनवला जर्मनांनी. १९३०च्या दशकात जर्मन सैन्यासाठी वीस लिटरचा पोलादी डबा घडवला गेला. त्याच्या डोक्यावर तीन मुठी समांतर बसवलेल्या आहेत. एकट्याने न्यायचा तर मधली मूठ धरायची, दोघांनी न्यायचा तर दोन बाजूच्या, आणि रिकामे असतील तर कडेच्या मुठी जुळवून एका हातात दोन डबे. माणसांची रांग करून हातोहात पुढे द्यायलाही त्या सोयीच्या. वरच्या फुगवट्यात हवा राहते, त्यामुळे भरलेला डबाही पाण्यात बुडत नाही. झाकण बिजागरीचं, खटक्यासरशी बंद होणारं, हरवण्याची भीतीच नको. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून पेट्रोल नेत होतं. ते ट्रकच्या हादऱ्यांनी उसवत, आणि मोठा हिस्सा वाळूत गळून जाई. जर्मन डबे हाती लागले की ब्रिटिश सैनिक ते जपून ठेवत, पुढे ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी आपल्या कारखान्यांत तसेच बनवले. माझा पाच लिटरचा डबा त्याच घराण्यातला, अंगावर तसाच दुमडीचा फुलीचा नक्षा असलेला. ती दुमड शोभेची नाही. पेट्रोल तापून प्रसरण पावलं की पत्र्याला तिथे हलायला जागा मिळते.

भरायचंही तंत्र आहे. डबा गाडीला बांधलेला असताना भरायचा नाही. खाली जमिनीवर ठेवायचा, नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं, म्हणजे वाहत्या पेट्रोलने साचणारी स्थिर वीज जमिनीत निघून जाते. खुणेच्या वर थेंबभरही घ्यायचं नाही. दहा अंश तापमान वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्क्याने फुगतं, त्याला वरची जागा मोकळी हवी. तांडीच्या पंपावरचा माणूस हे सगळं न सांगता करतो. चंद्रा आणि भागा या दोन नद्या त्याच्या पंपापासून हाकेच्या अंतरावर एकत्र येतात, पुढे त्यांचीच चिनाब होते. पण उन्हाळ्याच्या हंगामात त्याला मान वर करून संगमाकडे बघायला सवड मिळत असेल असं वाटत नाही. एकामागून एक डबे त्याच्या पायाशी येऊन बसतात. एकदा एका स्वाराने कॅरियरवर बांधलेला डबाच पुढे केला, तेव्हा तो काही न बोलता नोझल हातात धरून नुसता उभा राहिला, स्वाराने डबा सोडून खाली ठेवेपर्यंत. मागे वीस गाड्यांची रांग होती. त्याचं ते थांबणं मला फार आवडलं.

बांधताना वजनाचा विचार करायचा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. पाच लिटरचं जेमतेम पावणेचार किलो भरतं, डब्यासकट पाच-साडेपाच. एवढंसं वजनही उंचावर, मागच्या चाकाच्या पलीकडे टांगलं की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर हँडल वळवळतं. खाली, चाकांच्या मध्ये, फूटरेस्टच्या जवळ बांधलं तर गाडीला ते जाणवतही नाही. सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला पेट्रोल, आणि तोल राखायला सायलेन्सरच्या बाजूला तेवढ्याच पाण्याचा कॅन, थोडा वर. दोन्हींचे रंग वेगळे, झाकणं वेगळी. पहाटे अंधारात, डोकं जड झालेलं असताना हात चुकीच्या झाकणावर जाऊ नये म्हणून. पाण्याचं मोल त्या रस्त्यावर कोणाला सांगायला नको. सरचूच्या पुढे एकवीस वळणांचे गाटा लूप्स लागतात. तिथे वळणाच्या कडेला पाण्याच्या बाटल्यांचा खच पडलेला दिसतो. बर्फात अडकलेल्या ट्रकपाशी तहानेने प्राण गेलेल्या क्लीनरची गोष्ट तिथे सांगतात, आणि जाणारा-येणारा त्याच्यासाठी बाटली ठेवून जातो.

हे सगळं करायचं कशासाठी, याचं सोपं उत्तर म्हणजे लांब जाता यावं म्हणून. मलाही बरीच वर्षं तेच उत्तर पुरे वाटत होतं. पण वाटेतल्या पांगच्या तंबूत बसून कागदावर हिशेब मांडला तर निराळंच चित्र दिसतं. तांडीपासून पांग साधारण १९० किलोमीटर, पांगपासून लेह साधारण १७५. म्हणजे पांग जवळजवळ मधोमध. ३७८ किलोमीटरच्या टाकीवर पांगपर्यंत आलेला माणूस मागे फिरला तर १९० अधिक १९०, म्हणजे ३८०. पांगला पोचेपर्यंत मागचा पंप त्याच्या हातातून निसटलेला असतो. पुढे काहीही असो, त्याला पुढेच जावं लागणार.

आणि पुढे काहीही असू शकतं. दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळून नाले चढतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चारला गुडघ्याच्या वर जातं आणि तळाचे धोंडे दिसेनासे होतात. जूनमध्येही घाटमाथ्यावर बर्फ पडून रस्ता बंद होतो. त्याहून वाईट म्हणजे डोकं. पांग ४,६०० मीटरच्या आसपास. तिथे रात्र काढणाऱ्याचं कपाळ ठणकतं, अन्न जात नाही, आणि काहींच्या बाबतीत प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. लष्कराच्या तळावर ऑक्सिजन मिळतो, पण खरा उतारा खाली उतरणं हाच. खाली म्हणजे कुठे? पुढे जायचं तर मध्ये तांगलांग ला, मागे जायचं तर लाचुंग ला, नकी ला आणि बारालाचा. अशा जागी माणसापाशी दोन्ही दिशा शाबूत असायला हव्यात. त्यातली एक नुसत्या पेट्रोलपायी बंद झालेली असणं मला सहन होत नाही.

आता त्या हिशेबात डब्यातले पाच लिटर घाला. साडेअठरा गुणिले अठ्ठावीस, ५१८. त्याचं अर्धं २५९. तांडीपासून तांगलांग ला आहे २५५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे डबा भरलेला असेल तर रस्त्यावरच्या सगळ्यात उंच जागी उभं राहून, समोर लेहचा उतार दिसत असतानाही, माणूस वळू शकतो. पाच लिटर पेट्रोल इतकं करतं. वळण्याची वेळ बहुतेकदा येत नाही. पण वळता येतं हे ठाऊक असलेला माणूस निराळ्या हाताने गाडी चालवतो. तो भरल्या नाल्यात गाडी घालत नाही, काठावर बसून उद्या सकाळची वाट बघतो. सोबत्याला उलटी झाली तर “थोडंच राहिलंय, चल” असं म्हणत नाही. मी दोन्ही प्रकारे गेलो आहे आणि यातला फरक मला अंगात जाणवला आहे.

या संदर्भात मला स्कॉटची आठवण होते. रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार साथीदार १७ जानेवारी १९१२ला दक्षिण ध्रुवावर पोचले. त्याचा प्रतिस्पर्धी अमुंडसेन त्यांच्या महिनाभर आधी येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर स्कॉटने ठिकठिकाणी अन्नाचे आणि रॉकेलचे साठे पुरून ठेवले होते. रॉकेल शेगडीसाठी, शेगडीशिवाय बर्फाचं पाणी होत नाही आणि चहूकडे बर्फ असताना माणूस तहानेला राहतो. साठ्याशी पोचावं, डबा उचलावा आणि तो हलका लागावा, असं त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा झालं. झाकणाखालचे चामड्याचे वॉशर थंडीने आक्रसले होते आणि डबा न सांडता, न फुटता, आतलं रॉकेल हळूहळू उडून गेलं होतं. अमुंडसेनने आपल्या डब्यांची तोंडं डाग देऊन बंद केली होती. पाचांपैकी कोणीच परतलं नाही, आणि स्कॉटचा शेवटचा तंबू मोठ्या साठ्यापासून अकरा मैलांवर सापडला. त्या मृत्यूंना कारणं पुष्कळ होती, वॉशरचा दोष त्यातला एक. तरी माझ्या डब्याचं झाकण पिळताना दर वेळी माझं बोट त्या रबरी कडीवरून फिरतं. जायचं इंधन माणूस स्वतः बरोबर नेतो, त्याच्यावर नजर असते. परतीचं इंधन विश्वासाने मागे ठेवलेलं असतं, आणि ते मुकाट्याने संपू शकतं.

मोटरसायकलवाल्याचं भाग्य एवढंच की त्याचा साठा त्याच्या मांडीशी असतो. प्रत्येक मुक्कामाला त्याची विचारपूस करायची. पट्टे सैल झालेत का, तळाशी ओल आहे का, वास येतोय का. तांडी २,६०० मीटरच्या आत, पांग त्याहून दोन हजार मीटर वर. वरची हवा विरळ होत जाते तशी डब्याची सपाट कूस फुलक्यासारखी टम्म फुगते. झाकण उघडताना तोंड लांब ठेवायचं आणि खटका एकदम न सोडता किंचित उचलून वाफ जाऊ द्यायची. फुस्स असा बारीक, लांबलेला आवाज येतो. मग पत्रा ‘ठण्’ करून जागेवर बसतो.

डबा पांगलाच टाकीत रिता करायचा, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही, असा माझा नियम आहे. सरचूपर्यंत चारच लिटर जळालेले असतात, पाच मावत नाहीत. पांगला पावणेसात गेलेले असतात. आणि पेट्रोलला टाकीइतकी सुरक्षित जागा गाडीवर दुसरी नाही, तेव्हा जागा झाल्यावर ते उगाच बाहेर टांगून नेण्यात शहाणपणा नाही. आधी इंजिन गार होऊ द्यायचं, म्हणजे तंबूतल्या बाईंकडे एक चहा. मग वाऱ्याकडे पाठ करून गाडीवर ओणवं व्हायचं. पांगचा वारा दुपारनंतर वाळू घेऊन येतो, आणि नरसाळ्यात पडलेला एक कण पुढे फार महागात पडू शकतो. नरसाळ्यावर सुती फडकं धरायचं. डबा आडवा धरून ओतला तर धार गचके खात येते. तोंड वरच्या अंगाला ठेवून तिरपा केला तर हवा आत जात राहते आणि धार दोरीसारखी सरळ पडते. एखादा थेंब बोटांवर येतो आणि क्षणात उडून जाताना बोट असं गार करून जातो की जणू कोणी त्यावर बर्फ टेकवला. टाकीतला आवाज आधी खोल, पोकळ असतो, मग आखूड होत जातो. तो आवाज ऐकत राहावंसं वाटतं.

असंच एकदा नरसाळं लावून मी डब्याचा खटका उचलला होता, तेव्हा मागून आवाज आला, “दादा, महाराष्ट्रातलं काय तुमी?”

दोन पोरं होती. हिमालयन गाडी, नंबर एमएच-०९, ओठ फुटलेले, चेहऱ्यावर धूळ. कोल्हापूरची. लेहहून त्सो मोरीरी आणि त्सो कार बघून डेब्रिंगला या रस्त्यावर बाहेर पडलेली, आणि आता मनालीमार्गे घरी निघालेली. त्सो मोरीरीच्या वाटेवर एक दिवस रस्ता चुकून मागे-पुढे झालं होतं. टाकीत चारेक लिटर असेल. “हितल्या तंबूत इचारलं, कालच संपलं म्हणत्यात. काय गावंल का तुमच्याकडं थोडं?”

त्याने ‘थोडं’ म्हटलं आणि नजर खाली केली. कोल्हापूरच्या पोराला मागणं सोपं जात नाही.

हिशेब दोघांनीही मनात केला, मला त्याच्या ओठांच्या हालचालीवरून दिसत होतं. त्यांना तांडीपर्यंत १९० किलोमीटर. चार लिटरवर ते होणार नाही, सातवर होईल. मला लेहपर्यंत १७५. माझ्या टाकीत पावणेसात लिटर होतं, ते पुरेसं होतं, आणि वर दोन घातले तर निर्धास्त. तीन लिटर दिले तर माझं पुढचं अडत नव्हतं. जात होतं ते मागचं. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, समोरून येणारे ट्रकवाले मोरे मैदान आणि तांगलांग ला मोकळा असल्याचं सांगत होते, आणि माझं डोकं ताळ्यावर होतं. त्या पोरांचा रस्ता मात्र माझ्या मागच्या दिशेलाच जात होता. परतीसाठी आणलेलं पेट्रोल परतीलाच लागत होतं, माणसं फक्त निराळी.

आम्ही त्यांची गाडी जवळ घेतली. धाकट्याने जाकीट पसरून वारा अडवला, थोरल्याने नरसाळं धरलं. मी डबा तिरपा केला आणि अंगावरच्या खुणेकडे बघत तीन लिटर मोजून ओतलं. ओतताना कोणी बोललं नाही. उरलेलं माझ्या टाकीत गेलं. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता, पण थोरला ऐकेना, तेव्हा त्याने बॅगेतून भडंगाची पिशवी काढली. घरून निघताना आईने दिलेली, इतके दिवस फोडली नव्हती. तीही माझ्या डब्यासारखीच टम्म फुगली होती. तंबूतल्या बाईंसकट आम्ही चौघांनी ती तिथेच फोडली. लसणाचा आणि मेतकुटाचा वास त्या उंचीवर, त्या थंडीत कसा आला ते मला सांगता येणार नाही. मेतकूट कशाला म्हणतात हे बाईंना हिंदीत समजावताना त्या दोघांची फार ओढाताण झाली. मग ती पोरं लाचुंग लाच्या दिशेने गेली आणि मी मोरे मैदानाच्या. सरचूला तंबूत आणखी लिटरभर मिळालं, असा त्यांचा निरोप लेहला पोचल्यावर फोनला रेंज आली तेव्हा वाचला.

डबा न्यायला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्या वर्षी तांगलांग लाच्या माथ्यावर मी वळता येणार नाही अशा स्थितीत उभा होतो. मला त्याचं ओझं वाटलं नाही. खाली रुमत्सेकडे उतरणारा रस्ता कोरडा होता.

आता त्या भागात एक नवीन रस्ता खुणावतो आहे. निमू, पदुम, दारचा असा २९८ किलोमीटरचा झंस्कारचा रस्ता मार्च २०२४मध्ये सीमा सडक संघटनेने जोडून घेतला. दारच्याहून शिंकू ला चढायचा, ५,००० मीटरच्या वर, आणि पलीकडे झंस्कारमध्ये उतरायचं. त्या घाटाखालून बोगदा खणायचं काम सुरू झालं आहे. तो झाला की हा रस्ता सोपा होईल, म्हणून मला त्याआधी जायचं आहे. तांडीपासून पदुम दोनशेच्या आत येतं आणि पदुमला पंप आहे. नुसतं पोचायचं तर टाकी पुरते. पण झंस्कारच्या त्या पंपावर टँकर वेळेवर आलेला असेलच असं नाही, आणि शिंकू लावर बर्फ कधी पडेल ते कोणी सांगू शकत नाही. तेव्हा पदुमपर्यंत जाऊन, टाकीत थेंबही न भरता, तांडीला परत येता आलं पाहिजे. जाऊन-येऊन चारशे धरले तर १४.३ लिटर. टाकी साडेतेराची. डबा न्यावा लागणार. कालच झाकणाला नवीन वॉशर बसवला, पाणी भरून डबा रात्रभर कागदावर उलटा ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.